१ : ९६ (प्रॉव्हिडन्सच्या मीटिंग हाउसच्या लाकडी मॉडेलच्या नोंदी)

९ जून २०२४

जॉब ठरला. चाळीस वर्षं पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्सची झाकणं आणि ट्रॅक्टरचे हब यांचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, केले. आता एक चर्च.

धाकटी अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सला असते. ट्रान्झिट स्ट्रीटवर भाड्याची खोली आहे, तिथून बेनिफिट स्ट्रीटनं चालत कामाला जाते. वाटेत डाव्या हाताला, उताराच्या बाजूला एक पांढरं शिखर घरांच्या वरून डोकावतं. गेल्या आठवड्यात तिनं त्याचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं : "बाबा, हे सगळं लाकूड आहे. १७७५ चं." मी फोटो मोठा करकरून पाहिला. रात्री झोप लागली नाही.

नाव फर्स्ट बॅप्टिस्ट मीटिंग हाउस. मुख्य इमारत ८० फूट लांब, ८० फूट रुंद, म्हणजे पूर्ण चौरस. शिखर जमिनीपासून १८५ फूट. १ फुटाला १ सूत घेतलं, तर पाया १० इंच आणि टोक २३ इंचांच्या थोडं वर. टेबलावर मावेल, घरात भांडण होणार नाही. स्केल १ : ९६.

दुकानात प्रत्येक पॅटर्नला जॉब कार्ड असायचं. सवय जात नाही, म्हणून ही वही.

१२ जून

नकाशे. लेकीनं जुनी चित्रं, फोटो आणि एका इंग्रजी पुस्तकातल्या पानाची स्कॅन केलेली प्रत पाठवली. हे पान महत्त्वाचं आहे.

पुस्तक जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाचं, १७२८ चं. गिब्ज स्कॉटलंडचा, घरचा कॅथलिक, शिकला रोममध्ये. लंडनमधलं सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी पंथाचं, चर्च त्यानं बांधलं. त्याच्या शिखरासाठी त्यानं बरेच आराखडे काढले होते. एक पास झाला, बाकीचे पडून राहिले. ते पडून राहिलेले त्यानं पुस्तकात छापून टाकले. ३० व्या पानावर शेजारी शेजारी शिखरं उभी आहेत, आणि प्रॉव्हिडन्सकरांनी मधलं उचललं.

म्हणजे हिशोब असा : आराखडा कॅथलिकाचा, तोही नापास झालेला; मूळ काम अँग्लिकनांचं आणि दगडाचं; बांधलं बॅप्टिस्टांनी, लाकडात. पॅटर्नमेकरला यात नवल वाटायचं कारण नाही. एका गिऱ्हाइकानं नाकारलेला पॅटर्न दुसऱ्याच्या कास्टिंगला चालवलेला मी स्वतः पाहिला आहे. पण तो बाहेर सांगत नाहीत. यांनी छापील पानासकट सांगितलं.

याच पुस्तकाची पिलावळ आपल्याकडेही आहे. गिब्जनं सेंट मार्टिनसाठी एक गोल चर्चही काढलं होतं, तेही नाकारलं गेलं. चेन्नईला एग्मोरमधलं सेंट अँड्र्यूज कर्क आतून गोल आहे, ते त्या कल्पनेच्या वळणावर गेलेलं. लग्नाला गेलो होतो तेव्हा बाहेरून पाहिलं होतं, पण तेव्हा काय माहीत.

१५ जून

लाकूड. शिवणीच्या तीन फळ्या इथल्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या मित्राकडून आणल्या. चार वर्षं माळ्यावर सुकलेल्या. शिवण हलकी, मऊ, पटाशीला लोण्यासारखी, आणि फारशी वाकत नाही. खांबांना आणि शिखराच्या वरच्या मजल्यांना सागवान घेणार, तिथं कडा शार्प राहिल्या पाहिजेत.

पैसे घ्यायला मित्र तयार नव्हता. त्याच्या दुकानात आता सगळं कॉम्प्युटरवर कोरतात. लाकडी पॅटर्न महिन्याला एखादा. मशीनला शिव्या देत नाही, मशीन चांगलं काम करतं. पण पोराच्या हाताला लाकडाचा रेषा कळायचा बंद झाला, एवढं खरं.

२३ जून

चूक नंबर एक, आणि लाज वाटावी अशी.

पाया कापला, कडा घासल्या, गुण्या लावला, सगळं काटकोनात. मग सहज व्हर्नियर लावला तर २५६ आणि अर्धा. पाहिजे होता २५४ मिलिमीटर. तीनदा मोजलं. मग हातातल्या पट्टीकडे बघितलं. कॉन्ट्रॅक्शनची पट्टी!

बाहेरच्या माणसासाठी : बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच शेकडा एकनं ताणलेली असते. चाळीस वर्षं तीच पट्टी हाताला. ड्रॉवरमधून तीच आली. खऱ्या इमारतीच्या हिशोबानं माझं चर्च साडेनऊ इंच जास्त रुंद झालं होतं.

त्याहून पुढची गंमत भिंतींची. त्यांना मी नकळत ड्राफ्ट दिला होता, म्हणजे वर निमुळत्या केल्या होत्या, वाळूतून पॅटर्न सुटून यावा म्हणून. ही म्हणाली, "अहो, हे काय वाळूत पुरणार आहात का?"

पाया पुन्हा. ताणलेली पट्टी कपाटात, कुलूप लावून.

३० जून

पावसानं जोर धरला. काम कमी, वाचन जास्त. लेक रविवारी प्रार्थनेनंतर आत जाऊन आली. इमारत दाखवणाऱ्या एका बाईंनी तिला सगळं फिरवलं. तिनं फोनवर सांगितलेलं आणि पाठवलेलं वाचून जे समजलं ते इथं.

१६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन सरकारनं रॉजर विल्यम्स या पाद्र्याला हद्दपार केलं. त्याचं म्हणणं, सरकारनं माणसाच्या देवाधर्मात हात घालू नये. तो भर थंडीत दक्षिणेला निघाला आणि १६३६ मध्ये तिथल्या मूळच्या नॅरागॅन्सेट लोकांकडून जागा मिळवून प्रॉव्हिडन्स वसवलं. १६३८ मध्ये त्यानं आणि काही शेजाऱ्यांनी एकमेकांना पाण्यात बुडवून नव्यानं बाप्तिस्मा घेतला. बॅप्टिस्टांचं मुख्य हेच : तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून काही होत नाही, जाणत्या माणसानं आपणहून पाण्यात उतरायचं. अमेरिकेतली ही पहिली बॅप्टिस्ट मंडळी. आणि विल्यम्स? काही महिन्यांतच त्यातूनही बाहेर पडला. आपल्याला खरं चर्च कुठं सापडलंय असं त्याला वाटेना. संस्थापकच निघून गेला आणि मंडळी टिकली.

मला धरून ठेवणारी गोष्ट पुढची. या लोकांनी पहिली साठ वर्षं इमारतच बांधली नाही. कुणाच्या घरी, नाहीतर झाडाखाली जमायचं. १७०० साली पार्डन टिलिंगहॅस्ट या त्यांच्या वडीलधाऱ्यानं स्वतःच्या पैशानं एक खोपटं उभं केलं. गवताच्या गंजीसारखं, मधोमध चूल आणि धूर जायला छताला भोक, असं त्याचं वर्णन केलं जातं. १७२६ मध्ये जरा मोठं बांधलं. आणि त्यानंतर पन्नास वर्षांत एकदम १८५ फुटी शिखर!

'चर्च' म्हणजे त्यांच्या लेखी माणसं. इमारत म्हणजे नुसतं 'मीटिंग हाउस', जमायचं घर. आपल्याकडे वारकऱ्यांचा फड आणि मठ यांत जो फरक, तोच. फड म्हणजे माणसं. मठ गळला तर फड शेजारच्या धर्मशाळेत उतरतो.

७ जुलै

भिंती उभ्या. चार भिंती, वरखाली दोन ओळींत खिडक्या. खिडक्यांच्या जागा फ्रेटसॉनं कापल्या, कमानी कानशीनं. काच म्हणून शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. लेकीनं खात्री केली : मूळ खिडक्यांची काच साधी, रंगीत नाही. आतून झाडं आणि आभाळ दिसतं. बरं झालं, रंगीत काच मला जमली नसती.

भिंती जोडल्यावर वर पाहिलं तर शिखराशिवाय हे चर्च वाटतच नाही. एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याचा वाडा किंवा गोदाम वाटतं. लांबट नाही, वेदीकडे नेणारी वाट नाही. चौकोनी खोली, बोलणारा एक आणि ऐकणारे सगळे जवळ. ही खोली खरी बॅप्टिस्टांची. पुढचं शिखर पाहुण्याचं.

१४ जुलै

बेंदूर जवळ आला. बाजारातून बैलाच्या गळ्यातली दोन घुंगरं आणली, पितळी, घंटेसाठी.

घंटेचा इतिहास आमच्या धंद्यातला, म्हणून जरा सविस्तर. घंटा लंडनमध्ये ओतून आणली, वजन सुमारे २,५०० पौंड, म्हणजे अकराशे किलोच्या पुढं. तिच्यावर इंग्रजीत चार ओळी कोरल्या होत्या. मतलब असा : हे गाव मनाच्या मोकळिकीसाठी वसलं, इथं समजावणं चाललं, जबरदस्ती नाही, हे चर्च सगळ्यांत जुनं आणि त्यानं आपला शब्द फिरवला नाही, घंटा, देऊळ, शिखर ते स्वतः भोगतं आणि दुसऱ्यांनाही भोगू देतं. शेवटच्या ओळीत चिमटा आहे. इंग्लंडमध्ये सरकारी चर्चबाहेरच्या मंडळींना घंटा आणि शिखर यांचा मान नव्हता. ते मिरवायचे अँग्लिकनांनी. हा टोमणा लंडनच्याच ओतारीकडून धातूत ओतून घेतला! गिऱ्हाईक असावं तर असं.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागात, बॅप्टिस्टांच्या इमारतीवर शिखर आणि घंटा असण्याची ही पहिलीच वेळ. मग उसनं शिखर का घेतलं हे कळतं. साठ वर्षं झाडाखाली बसणाऱ्यांना शिखराची गरज नव्हती. 'तुम्हाला मनाई आहे' हे ऐकून घेण्याची सवय मात्र मोडायची होती.

पुढं १७८७ मध्ये घंटा वाजवता वाजवता तडकली. ती पुन्हा ओतली होप फर्नेसवर. ही भट्टी प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन या व्यापारी घराण्याची, १७६५ पासूनची, बिडाची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तोफा ओतणारी. घंटेचा धातू म्हणजे चार भाग तांबं, एक भाग कथील. बिडाच्या भट्टीवाल्यांनी तो कसा सांभाळला असेल याचा विचार करत संध्याकाळ गेली. कथील जास्त झालं तर आवाज गोड आणि घंटा काचेसारखी ठिसूळ. कमी झालं तर घंटा टिकते आणि आवाज बादलीचा.

हिशोब : सगळ्या मापांना ९६ नं भागलं, तर वजनाला ९६ गुणिले ९६ गुणिले ९६. अकराशे तीस किलोचे उरतात सव्वा ग्रॅम. घुंगरू कापून, घासून १.३ ग्रॅमवर आणलं. लेकीला फोनवर वाजवून दाखवलं. ऐकू आलं नाही.

२६ जुलै

पंचगंगा वाढली आहे. आम्ही उंचावर, धोका नाही. पण हवेत पाणी इतकं की शिवण फुगली. दक्षिणेकडची भिंत पाऊण मिलिमीटर बाहेर आली आणि कोपऱ्याचा सांधा उघडला. मॉडेल गाद्यांच्या कपाटात ठेवलं, आत ६० वॅटचा जुना बल्ब लावून. हिनं काही न बोलता गाद्या दुसरीकडे हलवल्या. याची नोंद असावी.

११ ऑगस्ट

सुतारांविषयी.

१७७४ च्या फेब्रुवारीत मंडळीनं नवं घर बांधायचा ठराव केला. ठरावात उद्देश दोन लिहिले : देवाची सार्वजनिक उपासना, आणि पदवीदान. दुसरा उद्देश वाचून मी थांबलो. चार वर्षांपूर्वीच, १७७० मध्ये, तिथलं कॉलेज प्रॉव्हिडन्सला आलं होतं (आजचं ब्राऊन विद्यापीठ), त्याचे अध्यक्ष जेम्स मॅनिंग हेच या मंडळीचे पाळक. कॉलेजला मोठी खोली नव्हती, मंडळीला मोठी खोली हवी होती. गावाची वस्ती ४,३०० च्या आसपास आणि खोली बांधली १,२०० माणसांची. पैशासाठी लॉटरीसुद्धा काढली.

जूनमध्ये ब्रिटिशांनी बोस्टनचं बंदर बंद केलं. चहा समुद्रात फेकल्याची शिक्षा. जहाजं थांबली आणि जहाजं बांधणारे सुतार रिकामे झाले. त्यांतले बरेच प्रॉव्हिडन्सला कामाला आले. बोस्टनचाच जेम्स सम्नर हा मुख्य मिस्त्री. एवढं मोठं लाकूडकाम इतक्या लवकर कसं झालं याचं उत्तर इथं आहे. ज्यांना वादळात टिकणारं डोलकाठीचं काम येतं, त्यांना शिखर अवघड नाही.

माझा पहिला कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही अकरा पॅटर्नमेकर एका दिवशी रस्त्यावर आलो. नाव लिहीत नाही. त्या वर्षी शिरोलीला ज्यानं नवा शेड टाकला त्याला पहिल्या दर्जाचे कारागीर निम्म्या पगारात मिळाले. त्याचे पॅटर्न आजही चांगले आहेत. एकाचं बंद बंदर दुसऱ्याच्या शिखराला कामी येतं, हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

१८ ऑगस्ट

मूळ इमारतीचा कर्ता जोसेफ ब्राऊन. शिकलेला वास्तुविशारद नाही, व्यापारी. चार भाऊ : निकोलस, जोसेफ, जॉन, मोझेस. व्हेल माशाच्या मेणाच्या मेणबत्त्या, बीड, जहाजं. जोसेफला यंत्रांचा आणि गणिताचा नाद. ३ जून १७६९ ला शुक्र सूर्यावरून सरकला, तेव्हा त्यानं दुर्बीण आणि इतर उपकरणं मागवून प्रॉव्हिडन्समधून निरीक्षण केलं. ज्या रस्त्याचं नाव त्यावरून ट्रान्झिट स्ट्रीट पडलं, तिथं माझी लेक राहते! तिला हे माहीत नव्हतं. मीच सांगितलं, कोल्हापुरातून.

समितीतले लोक बोस्टनला जाऊन तिथली चर्चं बघून आले, पण शेवटी गिब्जचं पान जिंकलं. हौशी माणसाचं हे बरोबर आहे. चांगल्या पॅटर्नची नक्कल करावी आणि आपली अक्कल जोडकामात दाखवावी.

२५ ऑगस्ट

आत काय दाखवायचं, यावर आठवडा अडलो.

छत उचलता येईल असं करतोय, म्हणजे वरून आत बघता येईल. पण कोणत्या सालचं आत? इमारत अडीचशे वर्षं वापरात आहे, दर पिढीनं हात लावलेला. सुरुवातीला १२६ चौकोनी, दारं असलेले बाक होते, खोक्यांसारखे, घराघरांनी विकत घेतलेले. १८३२ मध्ये ते काढून सरळ ओळींचे बाक बसवले. १७९२ मध्ये आयरिश काचेचं झुंबर आलं, ब्राऊनांच्या मुलीनं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. १८३४ मध्ये ऑर्गन. बाप्तिस्मा आधी नदीवर व्हायचा. पुढं आत हौद आला आणि १८८४ मध्ये त्यासाठी पूर्वेकडे इमारत वाढवली. १९५७–५८ मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्या पैशानं सगळं नीट केलं. ते कॉलेजात असताना इथं बायबलचा वर्ग घेत. सगळं दाखवायला गेलो तर खिचडी. मी ठरवलं, १७७५. झुंबर नाही, ऑर्गन नाही. काम वाचलं म्हणून खूश.

मग लेकीचा निरोप. "बाबा, १७७५ करणार असाल तर वरची गॅलरी करावी लागेल."

तिन्ही बाजूंनी गॅलरी आहे, ती माहीत होती. पण पश्चिमेकडे, तिच्याही वर आणखी एक होती. तिथं गुलाम, मुक्त झालेले काळे लोक आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी बसायचे. ती १८३० च्या दशकातल्या फेरफारात काढली. आज गेलं तर दिसत नाही.

२८ ऑगस्ट

त्याच गोष्टीत अजून. १७६४ मध्ये या चारही भावांच्या कंपनीनं 'सॅली' नावाचं जहाज आफ्रिकेला पाठवलं. १९६ माणसं विकत घेतली, त्यांतली किमान १०९ मेली. हे सगळं जहाजाच्या हिशोबवहीत आहे. विद्यापीठानं स्वतःच २००६ मध्ये त्यावर अहवाल काढला. मोझेस ब्राऊननं १७७३ मध्ये आपले गुलाम मोकळे केले आणि तो क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात जाऊन या मंडळीतून निघून गेला. जॉन ब्राऊननं धंदा सोडला नाही, पुढं कायदा झाल्यावर त्याच्यावर खटलाही झाला. जोसेफ या दोघांच्या मधला. शुक्र पाहणारा, शिखर उभारणारा, आणि 'सॅली'त भागीदार.

घंटेवरच्या ओळी मी १४ जुलैला कौतुकानं उतरवून घेतल्या. खोडत नाही. पण दोन्ही नोंदी एकाच वहीत आहेत, एवढं लक्षात ठेवायचं.

१ सप्टेंबर

वरची गॅलरी केली. तिची मापं कुठल्या कागदावर मिळाली नाहीत. खालच्या गॅलरीचं छत आणि मुख्य छत यांत जी उंची उरते तेवढीच. १ : ९६ मधला माणूस १८ मिलिमीटरचा. तिथं ठेवून बघितला, उभा राहतो. कठडा साधा ठेवला, गोलाई नाही, कारण जे माहीत नाही ते नक्षीनं झाकायचं नाही. सागवानच वापरलं, बाकीच्या गॅलऱ्यांसारखं.

८ सप्टेंबर

गणपती आले. मॉडेल हॉलमधून आतल्या खोलीत. आरतीला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, "कुठलं चर्च? आपलं वायल्डरचं?"

तसा प्रश्न चुकीचा नाही. शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल मी आयुष्यभर सायकलवरून पाहिलंय. त्या नावाचा धागा धरून मागं गेलो.

१८०७ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या याच खोलीत ॲडोनिरम जडसन नावाचा पोरगा वर्गात पहिला आला म्हणून निरोपाचं भाषण करून गेला. तीन वर्षांनी त्यानं आणि त्याच्या मित्रांनी अर्ज केला म्हणून 'अमेरिकन बोर्ड' ही परदेशी मिशनची संस्था निघाली. १८१२ मध्ये जडसन कलकत्त्याला आला. तेव्हा तो बॅप्टिस्ट नव्हता! जहाजावर बाप्तिस्म्याविषयी वाचून वाचून त्याचं मत फिरलं आणि ६ सप्टेंबर १८१२ ला लालबाजारच्या बॅप्टिस्ट चॅपेलमध्ये तो पत्नीसह पाण्यात उतरला. पुढं ब्रह्मदेशात गेला. मागोमाग दुसऱ्या जहाजानं आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मात्र बोर्डातच राहिले, आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तीच अमेरिकन मराठी मिशन. तिथून अहमदनगर, 'ज्ञानोदय' नियतकालिक, शाळा. याच बोर्डाचे रॉयल वायल्डर नगरहून १८५२ मध्ये कोल्हापुरात आले.

कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला बॅप्टिस्ट विल्यम केरी तर त्याआधीच मराठीत बुडालेला. १८०५ ला मराठीचं व्याकरण, १८१० ला कोश, तोही मोडीत. हाताशी पंडित वैजनाथ.

आमचं वायल्डर चर्च बॅप्टिस्ट नाही, आणि त्या इमारतीचा प्रॉव्हिडन्सशी काही संबंध नाही. पण तिथल्या खोलीतून निघालेलं पोर, त्याची मित्रमंडळी, त्यांची संस्था आणि माझ्या सायकलच्या वाटेवरची पाटी, हे एका दोऱ्यात येतं. आरतीनंतर हे सगळं शेजाऱ्यांना सांगायला घेतलं. दोघं राहिले, बाकीचे मोदकांकडे.

२२ सप्टेंबर

खांब. लाकडी लेथवर कातले. खऱ्या खांबांना उभ्या पन्हळी आहेत, त्या सुईकानशीनं नुसत्या ओरखडल्या. खांब गॅलरी पार करून थेट छतापर्यंत जातात, डोक्यावर तुळईचा एक सुटा तुकडा घेऊन. हीसुद्धा गिब्जची रीत. चार मोडले. उजव्या हाताचा अंगठा कापला, खोल नाही.

६ ऑक्टोबर

शिखराला सुरुवात. खाली चौकोनी बुरूज, मग घड्याळाचा मजला, घंटेचा मजला, अष्टकोन, आणि मग निमुळतं टोक. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा लहान, आणि प्रत्येकाला स्वतःच्या कमानी आणि कठडे. एकसंध केलं तर विमानात नेता येणार नाही. बॅगेची आतली उंची २१ इंच. म्हणून सुटे मजले, प्रत्येकाच्या बुडाला खुंटी, खालच्याच्या डोक्याला भोक. कोअर बॉक्सला (ओतकामातली पोकळी घडवायच्या साच्याला) जसे डॉवेल असतात तसे.

अष्टकोनात बराच वेळ गेला. आठ फळ्या साडेबावीस अंशात कापायच्या. अर्धा अंश चुकला तरी आठव्या फळीला फट पडते, कारण चूक सोळा कडांवर साठते. तिसऱ्या वेळी जमलं. याबद्दल जास्त लिहीत नाही, चिडचिड होते.

२७ ऑक्टोबर

पांढरा रंग, पातळ, चार हात. दिवाळीच्या सफाईत घरातल्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, कारण गॅलरीत आकाशकंदील मीच लावला.

१० नोव्हेंबर

मजले चढवले. २८ मे १७७५ ला इमारतीत पहिली उपासना झाली, तेव्हा लेक्सिंग्टनच्या गोळीबाराला, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकीला, सहा आठवडेही झाले नव्हते आणि शिखर अजून बसलेलं नव्हतं. ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, साडेतीन दिवसांत चढवलं. मला तीन संध्याकाळी लागल्या, तेव्हा अर्धा दिवस मी पुढं. घंटा आत टांगली, रेशमी दोऱ्यानं. हलवली तर टिचभर वाजते.

लेकीला व्हिडिओवर दाखवलं. छत उचललं, कॅमेरा आत नेला. ती आधी वरच्या गॅलरीकडेच बघत होती. म्हणाली, "कठडा अगदी साधा केलात." म्हटलं, हो. मग ती म्हणाली की मे महिन्यात पदवीदानाला पोरं अजूनही टेकडीवरून उतरून याच घरात येतात, सगळी मावत नाहीत म्हणून बाकीची बाहेर हिरवळीवर ऐकतात. मे महिन्यात या, असंही म्हणाली.

१७ नोव्हेंबर

ओळंबा सोडला. टोक पूर्वेला एक मिलिमीटर झुकलंय, म्हणजे तिथल्या हिशोबानं जवळजवळ चार इंच. घंटेच्या मजल्याची खुंटी तिरकी बसलीय. उद्या काढून पुन्हा बसवतो. व्हिसाचे कागद टेबलावर आहेत, ते आधी भरा असं हिचं म्हणणं.